फर्लांग मारता येत नाही

एका वाचकाचा प्रश्न आहे. जुन्या इंग्लिश खेड्याच्या आठवणींत 'शाळा दोन फर्लांगांवर' असे वाचले. हे अंतर किती, आणि 'फर्लांग मारणे' यातूनच आले का?

मुळीच नाही. 'त्याने फर्लांग मारली' हे ऐकले की डोक्यात तिडीक जाते. उडीला हिंदीत 'फलांग' म्हणतात, तिचा इथे काडीचाही संबंध नाही. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मैलाचा आठवा भाग. शाळा पाव मैलावर होती.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचे तास आणि 'लांग' म्हणजे लांब. त्या खेड्यांत मोठ्या उघड्या रानात प्रत्येक कुणब्याच्या अरुंद, लांबलचक पट्ट्या असत. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्सटनला ही पद्धत अजून टिकून आहे. बैलांच्या चार-चार जोड्या जुंपलेला नांगर वळवायचा म्हणजे जिकिरीचे काम, म्हणून तास होईल तितके लांब न्यायचे. वळण जवळ आले की बैल आधीच एका अंगाला घ्यावे लागत. त्यामुळे जुन्या पट्ट्या उलट्या काढलेल्या 'एस' अक्षरासारख्या वाकलेल्या दिसतात.

फर्लांग हे 'स्टेडियम' या अंतराच्या रोमन मापाचेच दुसरे नाव, असे काही विद्वान ठासून सांगतात. साफ चूक. स्टेडियम रोमन मैलाचा आठवा भाग होता, म्हणून भाषांतरात त्याला फर्लांग हा प्रतिशब्द दिला गेला, इतकेच. १५९३ च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा, म्हणजे ५,२८० फुटांचा ठरला. रोमन मैल होता ५,००० फुटांचा, रोमन फुटांचा! जमिनीची मोजणी फर्लांगात मुरलेली होती. मैल ताणला गेला, तास तेवढेच राहिले.

आणि एकर? एक फर्लांग लांब, २२ यार्ड रुंद पट्टी; एका नांगराचे दिवसाचे काम. हे २२ यार्ड क्रिकेटच्या खेळपट्टीत आजही आहेत. एकरचे जुने रूप 'ॲकेर', म्हणजे शेत. लॅटिनमध्ये 'आगेर', आणि संस्कृतात चक्क 'अज्र'! मुळाशी 'अज्', हाकणे, हाच धातू आहे असे माझे ठाम मत आहे: आधी गुरे हाकायचे रान, मग नांगरट. तेव्हा एकर हा साहेबाचा परका शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ऋग्वेद उघडावा, 'अज्र' तिथे आहे. आपला गुंठाही याच मापात बसवलेला: ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठ्याची बाजू ३३ फूट, त्या २२ यार्डांच्या बरोबर निम्मी.