बाहेरचे मजूर आले की गावातल्यांची मजुरी पडते का? मग त्यांना अडवणं योग्य नाही का?

सरसकट पडत नाही. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसं अमेरिकेत गेली. त्यामुळे तिथल्या मायामी शहरातले कामगार जवळपास ७ टक्क्यांनी वाढले. तरी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांच्या मजुरीत घट दिसली नाही. (कमी शिकलेल्यांपुरता वाद अजून चालू आहे.)

आमच्या रावेर-यावलकडे केळी कापायला सातपुड्यापलीकडून माणसं येतात. घड वेळेवर उतरले की गाडी भरणाऱ्यालाही काम मिळतं. आणि आपलेच नंदुरबारचे आदिवासी ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना तिथे कुणी हाकललं तर चालेल का?

दर पाडते ती मुकादमाची उचल, म्हणजे त्याने आगाऊ दिलेले पैसे. अंगावर कर्ज असलेला माणूस भाव करू शकत नाही. त्याला इथेच रेशन आणि पोरांना शाळा मिळाली, तर तो पडेल त्या दरात राबणार नाही.