मागं किती माणसं आहेत ते मोज

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

मगाशी जिना उतरता उतरता विचारलंस, "काका, पणजीच्या पोकर स्पर्धेत एका टेबलावर नऊजण असतात म्हणं. लई फरक पडतो काय?" मी घाईत नुसतं "पडतो" म्हणालो. एवढ्यावर तुला पाठवायला मन घेईना, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या माडीवर दोन वर्षं सहाजण खेळतोय. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स आणि काकूचा चहा. तू त्यात चांगला तयार झालास. पण तुझा हात सहाच्या टेबलाचा झालाय. वाटलेल्या दोन पानांत एक्का-दश्शी दिसली आणि तुझ्याआधी कुणी काही केलेलं नसलं, की तुझ्या चिप्स आपसूक पुढं सरकतात. हीच सवय मला पणजीत महागात पडली होती.

मीही असाच घरच्या टेबलावरनं थेट तिथं गेलो होतो. पानं बघायच्या आधीच दोघांना सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या चिप्स म्हणजे ब्लाइंड, लहान तो स्मॉल आणि मोठा तो बिग; ते ठरल्या वेळानं वाढतात, तो प्रत्येक टप्पा म्हणजे लेव्हल. तिसरी लेव्हल, माझ्याकडं ४० बिग ब्लाइंड भरतील एवढ्या चिप्स. ब्लाइंडच्या लगेच पुढची, म्हणजे सगळ्यात आधी बोलायची खुर्ची, आणि हातात बदामाचा एक्का, किलवरची दश्शी. मी रेज केला, म्हणजे बोली वाढवली. एकेकानं पानं टाकली. पाचजण झाले, आणि मी मनात ब्लाइंडच्या चिप्स गोळासुद्धा करायला लागलो होतो. बटणावर, म्हणजे वाटप ज्याच्या नावावर असतं त्या, ब्लाइंडच्या आधीच्या खुर्चीवर, एक वयस्कर बाई होत्या. तासाभरात त्यांनी दोनदाच पानं खेळलेली. त्यांनी पान पुन्हा एकदा उचलून बघितलं, खाली ठेवलं, आणि चिप्सच्या दोन थप्प्या सावकाश पुढं सारल्या. मी कॉल केला, म्हणजे त्यांच्याएवढ्या चिप्स लावल्या. फ्लॉपला, म्हणजे मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, एक्का आला आणि मला तो सोडवेना. शेवटी पानं उघडली तेव्हा त्यांच्याकडं एक्का-राजा होता. एका डावात ४० पैकी २६ गेले.

पान वाईट नव्हतं. माझ्यामागं आठजण अजून बोलायचे होते, हे मी धरलंच नाही.

हिशोब करून बघ. जोड एक्के, जोड राजे, जोड राण्या किंवा एक्का-राजा, यातलं काहीतरी एका माणसाला मिळण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. आपल्या माडीवर पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या मागं पाचजण असतात, म्हणजे कुणातरी एकाकडं असं पान असण्याची शक्यता साधारण १२ टक्के. नऊच्या टेबलावर मागं आठजण, तीच शक्यता १९ टक्क्यांच्या घरात. वर, रेज करून कॉल झाला तर फ्लॉपनंतर तुझ्याआधी बोलणारे फक्त दोन ब्लाइंड; बाकी सगळे तुझं बघून ठरवणार.

म्हणून खुर्च्या बटणाकडनं मोजत जायला शीक. नऊच्या टेबलावर सगळ्यात आधी बोलणाऱ्या पहिल्या तिघांनी पानं टाकली, की चौथ्या खुर्चीपासून पुढं आपलंच सहाचं टेबल उरतं. तिथनं तू जसा खेळतोस तसाच खेळ, काही बदलू नको. बदल करायचा तो पहिल्या तीन खुर्च्यांवर. पहिल्या खुर्चीवर शंभरातली दहा-पंधरा पानंच खेळायची. एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-दश्शी, वेगवेगळ्या कलरचे असतील तर निमूट टाकायचे. तू तीन पत्तीवरनं इकडं आलास, तिथं चित्र दिसलं की पॅक करायला जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण टाकायचे.

हेच दुसऱ्या बाजूनंही बघ. पहिल्या खुर्चीवरच्या माणसानं रेज केला म्हणजे तो आठजणांना न घाबरता बोललाय. मधल्या खुर्चीवर तुझ्याकडं दोन कलरचे राजा-राणी असले तरी सोडून दे. तोच रेज बटणावरनं आला आणि तू बिग ब्लाइंडवर असलास तर मात्र लढ. माणूस तोच, चिप्स तेवढ्याच. तरी पहिल्या खुर्चीवरनं आलेला रेज वेगळा आणि बटणावरचा वेगळा.

फ्लॉप बघायलाही तिथं माणसं जास्त येतात. जोड एक्के एका अनोळखी पानासमोर शंभरात ८५ वेळा जिंकतात, तिघांसमोर ६४ वेळा. तेव्हा तिघे-चौघे पॉटमध्ये असताना तुझे ते लाडके ब्लफ नकोत, आणि एक जोडी लागली म्हणून सगळा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, लावू नको. बारक्या जोडीचं, तिर्री-तिर्री वगैरेचं, फ्लॉपला तिसरं पान साडेआठ वेळांत एकदा लागतं. स्टॅक मोठा असला तरच त्यासाठी कॉल करायचा.

आता धीराचं. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि बिग ब्लाइंडवाल्यानं सगळ्या टेबलाच्या वतीनं भरायची सक्तीची वर्गणी, म्हणजे अँटी, एक, असा एका फेरीचा खर्च अडीच बिग ब्लाइंड. २५ बिग ब्लाइंड असले तर दहा फेऱ्या निघतात. खेळाडू याला एम म्हणतात, पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनपटूच्या नावावरनं. सहाच्या टेबलावर दहा फेऱ्या म्हणजे ६० डाव, नऊच्या टेबलावर ९०. म्हणजे थांबायला तिथं जास्त सवड आहे. पण यात एक मेख आहे, नीट वाच. लेव्हल घड्याळावर बदलते. डीलर वाटत असला तरी नऊजणांच्या टेबलावर तासाला २५-३० डावच होतात. अर्ध्या तासाच्या लेव्हलमध्ये बारा-पंधरा, जेमतेम दीड फेरी. की ब्लाइंड वाढले. नुसता जोड एक्क्यांची वाट बघत बसलास तर न खेळताच संपशील. ते सरासरी २२१ डावांत एकदा येतात. पुढच्या खुर्च्यांवर आवळायचं ते बटणाजवळच्या खुर्च्यांवर सैल सोडण्यासाठी. तिथं सगळ्यांनी पानं टाकली असतील तर मागं हटू नको.

पानं टाकल्यावर मोबाईल काढायचा नाही. कोण पहिल्या खुर्चीवरनंही रेज करतो, कुणाचा हात त्याची पाळी यायच्या आधीच चिप्सकडं जातो, ते बघ. त्या बाईंनी तासाभरात दोनच डाव खेळले होते, आणि हे मी बघितलेलं होतं. बघून वापरलं नाही, याची खंत मला अजून आहे.

माणसं बाद होतील तसं टेबल आठाचं, सातचं, शेवटी सहाचंही होईल. तेव्हा नऊजणांच्या खेळात मुरलेले गांगरतात आणि तुझी माडीवरची दोन वर्षं कामाला येतात. तोवर चिप्स शिल्लक राहाव्यात म्हणूनच हे सगळं सांगतोय.

मोबाईलवर सराव करतो म्हणशील, तर पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद झालेत. आडवाटेनं कुठं खेळायला जाऊ नको. प्रवेशाची फी वेगळी काढून ठेव, आणि ती गेली तर परत खिशात हात घालायचा नाही, हे मला इथंच कबूल कर. कॅसिनोत २१ पूर्ण लागतात, ओळखपत्र विसरू नको. आजऱ्यावरनं आंबोली घाट दिवसा उतर आणि आदल्या रात्री नीट झोप.

शनिवारी लवकर ये. खालच्या दुकानातनं तीन खुर्च्या मागवल्यात आणि गल्लीतल्या तिघांना बोलावलंय, नऊ होतील. बटण फिरणार नाही. पहिला तासभर तू पहिल्या खुर्चीवरच बसायचंस, आणि पान उचलायच्या आधी मागं कितीजण आहेत ते मला मोठ्यानं सांगायचंस.

तुझा
काका