वाढतं कोण, ते विचार

प्रिय मुली,

गरोदर बायकांच्या आहाराच्या पाहणीसाठी शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरून भरून आणलेले तुझे प्रश्नांचे अर्ज वाचले. ‘गरोदरपणी काय खावं?’ याला जवळजवळ सगळ्याजणींनी डाळ, पालेभाजी, अंडी, दूध असं बरोबर उत्तर दिलंय. काल काय खाल्लं, तर भात आणि पातळ कालवण. हे कोडं तुला सुटेना, तरी अहवालाच्या शेवटी ‘जनजागृती करावी’ लिहून तू मोकळी झालीस. ते वाक्य खोड. जिला उत्तर पाठ आहे तिला पुन्हा काय शिकवणार? तिच्या घरात वाढतं कोण, ते विचार.

अख्खं घर एका पातेल्यातून जेवतं आणि तुझा अर्ज ‘डाळ, एक वाटी’वर थांबतो. आठ माणसांत पाव किलो डाळ शिजली, तर समान वाटणीतही एकीला 31 ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम 7 ग्रॅम प्रथिनं. शेवटच्या तिमाहीत तिला एरवीपेक्षा रोज 22 ग्रॅम जास्त लागतात. आणि समान वाटणी असते कुठे? पुरुष, मुलं, सासू आणि मग ती. तोवर उरलेल्या कालवणात पाणी पडलेलं असतं.

म्हणून आधी पातेल्याचं विचार: डाळ किती टाकली, जेवायला किती जण, ती बसली तेव्हा उरलं किती. मग तिचीच वाटी माग, पाणी भरून मापपात्रात ओत, मिलिलिटर लिही. ठाण्याहून नेलेल्या वाटीचं माप तिथे चालणार नाही. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत क्रमाने जा. पदार्थांची नावं सुचवू नकोस. सुचवलंस की ती मान डोलावते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एकदा आणि एरवीच्या दिवशी एकदा, असं दोनदा विचार, आणि सासू समोर नसताना.

अन्नगटांची मोजणीही चुकली आहे. चटणीतला चिमूटभर जवळा तू मासळीत धरलास. 15 ग्रॅमच्या आत असेल तर तो गट मोजायचा नाही. बटाटा भाजीत नाही, धान्य-कंदांत जातो. आणि दिवसभरात दहापैकी निदान पाच गट खाल्ले तर आहारात पुरेशी विविधता, हे माप समूहासाठी आहे, एकेका बाईला नापास करायला नव्हे.

सासूला खलनायिका मात्र करू नकोस, मला त्याचा राग येतो. ‘जास्त खाल्लं तर पोर मोठं होईल, सुटका अवघड होईल’ असं ती म्हणते, कारण रात्री कळा आल्या तर पाड्यावर गाडी कधी पोचेल याची खात्री तिला नाही. तिची भीती रस्त्याची आहे. तो रस्ता तुझ्या अर्जात कुठेच नाही.

सरकारच्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईला मिळणारं अंगणवाडीतलं जेवण तू सरळ बेरजेत धरलंस. ‘तिकडे जेवलीस ना’ म्हणत घरचं ताट आटलं, तर बेरीज कसली? त्या दिवशी घरी काय वाढलं, कोणी वाढलं, विचार. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी गेली की वाढणारा हातच बदलतो. तिची नोंद वेगळी ठेव. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बायका तर तुझ्या यादीतच नाहीत. भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जाऊन त्यांना शोध. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोणाच्या हातात पडली, तेही विचार.

मी आहारशिक्षणाच्या विरोधात आहे, असं लोक म्हणतात. तसं नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घ्यावी, हे सांगायलाच हवं. ते तिच्या हातात आहे. जे तिच्या हातात नाही त्याचा दोष तिच्या माथी मारायला माझा विरोध आहे. तो मी सोडणार नाही, कितीही जणांना हट्ट वाटला तरी.

जुने अर्ज फाडू नकोस. शेवटी चार रकाने जोड: पैसा कोणाकडे, शिजवतं कोण, वाढतं कोण, ती कितवी जेवते. मग त्याच घरांत पुन्हा जा. दुपारी बारानंतर जा. सकाळी त्या पाण्याला गेलेल्या असतात.