टाकी केवढी रुंद घ्यायची?

प्रश्न: गच्चीत सोलरखाली १.२ मीटरच उंची मिळतेय, हजार लिटरची गोल टाकी बसवायचीय, तर व्यास किती लागेल? सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे तिथंच अडतंय. – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: आधी लिटर विसरा, हजार लिटर म्हणजे १ घनमीटर. आता घनफळ = पाय (π, साधारण ३.१४) × त्रिज्येचा वर्ग × उंची, यात त्रिज्येला एकटं पाडायचंय ना, मग दोन्ही बाजूंना पाय × उंचीने भागा, म्हणजे त्रिज्येचा वर्ग = घनफळ ÷ (पाय × उंची), आणि वर्गमूळ सगळ्यात शेवटी, आधी काढलंत की घोळच. १ ÷ (३.१४ × १.२) म्हणजे साधारण ०.२६५, वर्गमूळ ०.५१५. ही झाली त्रिज्या (इथंच थांबतात बरेच जण!), व्यास १.०३ मीटर. पण हे आतलं माप हं, झाकणाची उंची वेगळी धरा.