प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत 'पेशी लहान का असते आणि ती का विभागते' हे दहावीच्या मुलांना कसं शिकवावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शाळा तालुक्यापासून बरीच आत आहे, सूक्ष्मदर्शक एकच, त्याच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि 'पेशी आकाराने अतिशय लहान असते' एवढं पाठ करून पोरं मोकळी होतात. किल्लीवाला सूक्ष्मदर्शक मी एकतीस वर्षं पाहिला. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे. इथे मी फक्त वाचायला येतो. पण त्या पाठ केलेल्या वाक्याने जुनं दुखणं उकरलं, म्हणून लिहायला बसलो.

ते वाक्य फळ्यावर लिहूच नका. कशापेक्षा लहान? किती लहान? काहून लहान? यातलं काहीच न सांगता 'अतिशय लहान' म्हटलं की पोरगं मान डोलावतं आणि विषय संपतो. त्यात आपल्याकडे 'पेशी' म्हटलं की आधी कोर्ट आठवतं. "सर, उद्या बाबाची पेशी हाय जी, मी येत नाही," हे मी दर वर्षी ऐकलंय. धड्याच्या पहिल्या दिवशी मागच्या बाकावर खसखस पिकतेच. पिकू द्या.

सुरुवात रोडग्यापासून करा. आरातून (निखाऱ्यांतून) काढलेला कणकेचा जाड रोडगा फोडला की वरून करपलेला आणि मधात कच्चा, हे प्रत्येकाने पंगतीत पाहिलेलं असतं. आच बाहेरून आत जाते. गोळा जितका मोठा, तितका मधला भाग उपाशी. पेशीचं तेच. ऑक्सिजन, अन्न, पाणी सगळं पटलातून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ पडद्यातून, आत यायचं आणि घाण त्याच वाटेने बाहेर जायची. आत गेल्यावर पुढचा प्रवास बराचसा विसरणाने (कण दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरत जातात, त्याने) होतो, आणि विसरणाचा हिशेब वाईट असतो: अंतर दहापट झालं की वेळ दहापट नाही, शंभरपट लागतो. धडा शिकवताना हे वाक्य बहुतेक जण गाळतात, पण सगळी गोम त्यातच आहे.

मग चायना ग्रास. फालुद्याला लागतं ते, तालुक्याच्या किराणा दुकानात 10 ग्रॅमची पुडी मिळते. पाऊण लिटर पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायचं, चमचाभर हळद घालायची, आणि स्टीलच्या डब्यात चांगला तीन सेंटिमीटर थर येईल असं ओतायचं. गोठल्यावर 3, 2 आणि 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती वड्या कापा आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. हळदीला चुना लागला की लाल होते हे पोरींना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, सोड्यानेही तेच होतं. पंधरा-वीस मिनिटांनी वड्या मधोमध कापल्या की लहान वडी जवळपास पूर्ण लाल, आणि मोठीच्या पोटात पिवळा चौकोन तसाच. आता गणित फळ्यावर: 1 सेंटिमीटरच्या वडीचं पृष्ठफळ 6, घनफळ 1. दोनच्या वडीचं 24 आणि 8, म्हणजे तिनास एक. तीनच्या वडीचं 54 आणि 27, म्हणजे दोनास एक. दोनची वडी सुरीच्या तीन घावांत आठ तुकडे करून दाखवा. माल तेवढाच, पृष्ठफळ 24 वरून 48. (एप्रिलमध्ये हा प्रयोग करायची वेळ आली तर डबा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवा, आपल्या बेचाळीस डिग्रीत नुसता ठेवला तर गोठत नाही. जिलेटिनच्या नादी लागूच नका, त्याचा रस्सा होतो.)

इथवर पुष्कळ जण शिकवतात. मीही शिकवायचो आणि शेवटी "म्हणून पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही" असं म्हणून खडूचे हात झटकायचो. चौदा वर्षं झटकले.

एका दिवाळीत आई ओसरीवर समईच्या वाती वळत बसली होती. घरचाच कापूस, सरकी काढलेला. माझी पुतणी तेव्हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला होती. तिने आईच्या मांडीवरून एक तंतू उचलला आणि म्हणाली, "काका, हा एक तंतू म्हणजे एक पेशी आहे, माहीत आहे ना?" मी मोठ्याने हसलो. मग तिने पुस्तक आणून समोर ठेवलं आणि माझं हसू गेलं.

सरकीच्या सालीच्या बाहेरच्या थरातली एक पेशी फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास फुगते आणि लांब व्हायला लागते. पऱ्हाटीचं (कापसाच्या झाडाचं) फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं ना, तोवर आत हे काम सुरू झालेलं असतं. सुमारे तीन आठवडे ती वाढत राहते, मधे कुठेही भिंत पडत नाही, विभाजन होत नाही. मग आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटतं, पेशी वाळून चपटी होते आणि तिला पीळ पडतो. त्या पिळामुळेच सूत धरतं. ज्याच्या घरात चार पिढ्या कापूस आहे आणि जो विज्ञान शिकवून पगार घेतो, त्याला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा वेचणी जोरात होती, वर्ग अर्धा रिकामा. आले होते तेवढ्यांसमोर मी कापसासकट एक सरकी काळ्या पाटीवर ठेवली आणि फणीने तंतू चारी बाजूंनी विंचरले. सूर्याची किरणं काढतो तसं दिसतं ते. कंपासपेटीतल्या पट्टीने एका मुलाने मोजलं: 29 मिलिमीटर. मी सांगितलं, ही एक पेशी. कुणीच काही बोललं नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी, जी सकाळी दोन तास वेचून शाळेत आली होती आणि जिच्या ओढणीला अजून कापूस चिकटलेला होता, ती उठली. "सर, तुमीच तं परवा म्हटलं मोठी पेशी जगत नाही. मंग हे कशी जगली?"

एकतीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगतो," म्हटलं.

रात्री कागद घेऊन बसलो. तंतू म्हणजे बारीक दंडगोल. दंडगोलाच्या बाजूचं पृष्ठफळ भागिले घनफळ केलं की लांबी कटून जाते, उरतं 2 भागिले त्रिज्या. लांबी एक मिलिमीटर असो की तीस, प्रमाण तेच. तंतूची जाडी असते पंधरा-वीस मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोक्याच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. म्हणजे पेशीच्या मधातून कुठल्याही बाजूला निघालं तरी कडा आठ-दहा मायक्रोमीटरवर. त्यातही वाढत्या तंतूचा बहुतेक भाग रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, आणि जीवद्रव्य (पेशीतला जिवंत माल) कडेला पातळ थराने चिकटलेलं. पेशीने लहान राहायचा नियम मोडला नव्हताच. नियम 'लहान' असा नाही, 'बारीक' असा आहे.

दुसऱ्या दिवशी घरून कणकेचा गोळा नेला. त्याचाच अर्धा भाग वळून वळून शेवईसारखा लांब केला आणि विचारलं, कोणता आधी वाळेल? वर्ग एका सुरात ओरडला. उन्हाळ्यात छतावर कुरडया आणि सांडगे वाळत घालणाऱ्यांना हे काय शिकवायचं! एकाने हिशेबही लावला: एका बोंडात तीसेक सरक्या, सरकीवर पंधरा हजारांच्या आसपास तंतू, म्हणजे एका बोंडात साडेचार लाख पेशी. "मंग सर, आमी रोज लाखानं पेशी वेचतो."

आणि नेमके त्याच तासाला तपासणीला आलेले एक साहेब दारात उभे.

"गुरुजी, पेशी डोळ्यांना दिसते का?"

"काही दिसतात, साहेब."

"पुस्तकात दाखवा."

पुस्तकात नव्हतं. मी कापूस दाखवला. ते म्हणाले, हा धागा आहे. मी म्हटलं, कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक, तीही एकच पेशी असते, उघड्या डोळ्यांनी दिसते. साहेब म्हणाले, "मी माळकरी आहे, अंड्याचं मला सांगू नका." पोरं हसली आणि तिथेच माझं बिनसलं. लॉगबुकमध्ये शेरा आला, मला तोंडपाठ आहे: 'विज्ञान शिक्षक पाठ्यपुस्तकाबाहेरील व अशास्त्रीय माहिती देतात. समज द्यावी.' मुख्याध्यापकांनी समज दिली. चहा पाजून दिली, पण दिली.

अशास्त्रीय! नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथल्या कुणालाही फोन केला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. नंतर एका बैठकीत साहेब पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी नवा मुद्दा काढला: फुटलेल्या बोंडातला तंतू मेलेला असतो, नुसती भिंत, त्याला पेशी कसं म्हणता? मुद्द्यात थोडा दम आहे हे मला मान्य करावं लागेल. वर्गात 'ही पेशी होती' असं म्हणणं जास्त बरोबर. पण रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 मध्ये बुचाच्या कापात जे पाहिलं आणि ज्याला 'सेल' नाव दिलं, त्याही मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या. त्याच्या लॉगबुकात कुणी शेरा मारला नाही. हे उत्तर मला बैठकीत सुचलं नाही, बसमध्ये सुचलं, करंजी गावाच्या पुढे.

तुमच्या प्रश्नाचा विभाजनाचा भाग राहिलाच. थोडक्यात सांगतो. कांदा पाणी भरलेल्या ग्लासवर बूड टेकवून ठेवा, चार दिवसांत मुळं सुटतात. सकाळी शाळा भरल्या भरल्या टोकं कापा, तेव्हा विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. पुढचं रंग देणं, दाबणं तुम्हाला येतंच. कांद्याची 16 गुणसूत्रं (पेशीतले डीएनएचे धागे) मोजायच्या भानगडीत पडू नका, विभाजनाच्या चार अवस्थांपैकी दोन ओळखू आल्या तरी खूप. किल्ली मिळालीच नाही तर मैदानात पोरांच्या जोड्या करा, एकमेकांचा हात धरलेल्या; एक जोडी म्हणजे एक गुणसूत्र आणि त्याची नक्कल. मधल्या रेषेवर उभ्या करा, दोन्हीकडून ओढण्यांनी ओढा. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं त्यानंतर सांगा. आणि पूर्वावस्थेपासून सुरू करू नका, त्याआधी डीएनए दुप्पट होतो तिथून करा, नाहीतर जोडी आली कुठून हे पोरांना शेवटपर्यंत कळत नाही. डावी-उजवी चप्पल घेऊन जोडी दाखवतात काही जण, ते चूक आहे. त्या दोन्ही एकमेकींच्या हुबेहूब नकला असायला हव्यात. गुणसूत्रांच्या संख्येत पोरांना गोडी वाटत नसेल तर कापसाचं सांगा: देशी कापसात 26, आणि आज शेतात आहे त्या अमेरिकन जातीच्या बीटीत 52.

एक पथ्य. 'पेशी मोठी झाली म्हणून विभागली' असं बोलू नका, मी बोललोय. पृष्ठफळाचं गणित मोठ्या गोळ्याची अडचण काय ते सांगतं, विभागायचा हुकूम ते देत नाही, तो पेशीच्या आतल्या-बाहेरच्या रासायनिक संकेतांवरून सुटतो. फलित अंडं तर न वाढताच विभागत जातं, पेशी दर वेळी आणखी लहान होतात. आणि कण्यातून निघून पायाच्या टोकापर्यंत गेलेली मज्जापेशी मीटरभर लांब असूनही विभागत नाही. ही उदाहरणं परीक्षेत येत नाहीत. तरीही सांगा. आणि हो, सोड्याच्या पाण्यात पोरांना हात घालू देऊ नका, चमचा द्या.

तपासणी आली आणि कुणी पुस्तकात दाखवा म्हणालं तर वाद घालू नका, मी घातला तसा. सरकी, फणी आणि पट्टी समोर ठेवा, 2 भागिले त्रिज्याचं गणित आधीच कागदावर तयार ठेवा, आणि त्यांच्या सहीसाठी खाली जागा सोडा.

ते लॉगबुक अजून शाळेत आहे. आताचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्या पानाची झेरॉक्स मागितली आहे, देतो म्हणाले, कपाटाची किल्ली सापडली की.