मोठ्या खरेदीसाठी शून्य व्याजाचे क्रेडिट कार्ड निवडताना काय पाहावे?

एकच मोठी खरेदी करायची आहे, पैसे सव्वा वर्षात फेडता येतील आणि सुरुवातीचे काही महिने शून्य व्याज देणारी दोन-तीन कार्डे समोर आहेत, तर त्यांतले कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की सवलतीचे महिने किती, हे नंतर पाहावे. ती मुदत संपेल त्या दिवशी उरलेल्या रकमेचे काय होणार, हे आधी पाहावे.

याचे कारण असे की ‘शून्य व्याज’ या एकाच नावाखाली दोन निराळे व्यवहार चालतात. पहिल्यात मुदतीपर्यंत व्याज लागतच नाही आणि नंतर जी बाकी राहील तेवढ्यावरच, तिथून पुढे, नेहमीचा दर सुरू होतो. दुसऱ्याला डिफर्ड इंटरेस्ट म्हणतात व तो मुख्यतः दुकानांच्या कार्डांवर आढळतो. त्यात व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जात असते, फक्त बाजूला साठवलेले असते, आणि मुदतीच्या आत पै न पै फिटली तरच ते सोडून दिले जाते. जाहिरातीत ‘15 महिने शून्य टक्के’ असे लिहिले असेल तर तो बहुधा पहिला प्रकार असतो; ‘15 महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही’ असे असेल तर दुसरा. त्या ‘फेडल्यास’ शब्दापाशी कृपया थांबावे.

समजा खरेदी 90,000 ची आहे, नेहमीचा दर वार्षिक 24 टक्के आहे आणि आपण 15 महिने दरमहा 6,000 भरत आहात, पण शेवटच्या हप्त्यात 500 कमी पडले. पहिल्या प्रकारात पुढच्या महिन्याचे व्याज 10 येईल. दुसऱ्या प्रकारात घटत्या बाकीवर साठत आलेले सगळे व्याज, सरळव्याजाने धरले तरी 14,400, एकाच स्टेटमेंटमध्ये अंगावर येईल. मी स्वतः एका दुकानाच्या कार्डावर हे सोसले आहे. साठलेल्या व्याजाचा आकडा दर महिन्याला स्टेटमेंटच्या तळाशी बारीक अक्षरात छापून येत होता आणि वाढत होता. मी मात्र वरच्या चौकटीतली किमान देय रक्कम तेवढी पाहून पैसे भरत राहिलो. किमान रक्कम भरत गेल्याने मुदतीत कर्ज फिटेल, अशी सोय त्या चौकटीत नसते.

म्हणून हप्ता आपणच ठरवावा. पुष्कळ कार्डांवर सवलतीचे महिने खरेदीपासून नव्हे, तर खाते उघडल्याच्या तारखेपासून मोजले जातात, आणि कार्ड टपालाने हाती पडेपर्यंतचे दिवस त्यातच जातात. त्यामुळे 15 महिन्यांची सवलत असेल तर रकमेला 14 ने भागावे, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे 6,430, आणि तेवढ्याच निश्चित रकमेचे ऑटो-पे लावावे. हा हप्ता झेपत नसेल तर ते कार्ड आपल्या कामाचे नाही, मग इतर सवलती कितीही आकर्षक असोत.

उशीर तर अजिबात होऊ देऊ नये. अमेरिकेत, जिथे अशी कार्डे फार रूढ आहेत, 2009 च्या कार्ड कायद्याने सवलतीचा दर किमान 6 महिने टिकला पाहिजे असे बंधन घातले आहे. पण भरणा 60 दिवसांहून अधिक थकला तर तो दर मुदतीआधीही काढून घेता येतो, आणि विलंब शुल्क वेगळेच.

शून्य दर खरेदीसाठी आहे की केवळ बॅलन्स ट्रान्सफरसाठी (म्हणजे दुसऱ्या कार्डावरची बाकी या कार्डावर आणण्यासाठी), हे अर्जापूर्वी वाचून घ्यावे. या कार्डावरून रोख रक्कम काढू नये, कारण तिच्यावर बहुधा त्याच दिवसापासून व्याज लागते. शिवाय नजीकच्या काळात गृहकर्ज घेण्याचा विचार असेल तर हे पाऊल पुढे ढकलावे, असे मी आग्रहाने सांगेन. नवा अर्ज आणि जवळजवळ भरलेली क्रेडिट लिमिट, या दोन्हींमुळे क्रेडिट स्कोअर खाली येतो.

लिमिट किती मिळणार, हे बहुतेक वेळा अर्ज मंजूर झाल्यावरच कळते आणि ती खरेदीच्या किमतीपेक्षा कमी निघू शकते. तेव्हा दुकानात आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कार्ड हाती येऊ द्यावे, लिमिट पाहावी आणि सवलत संपण्याची नेमकी तारीख बँकेकडून लेखी मागून घ्यावी.