हुकूमशहा गेला, मग सुदान पेटला कसा?

तुमचा प्रश्न असा की, 2019 मध्ये सुदानच्या जनतेने रस्त्यावर उतरून ओमर अल बशीरला घालवलं, मग चारच वर्षांत तिथे यादवी कशी माजली? आणि हे धर्मयुद्ध आहे का?

बातम्यांत हा विषय 'दोन जनरलांचं भांडण' म्हणून उरकतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या देशात दोन सैन्यं होती आणि ती मुद्दाम उभी केलेली होती, हे त्यात झाकलं जातं.

बशीर स्वतः 1989 मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आला. आपलेच अधिकारी आपल्यालाही खाली खेचू शकतात हे त्याला पुरतं ठाऊक होतं. 2003 मध्ये पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतातलं बंड मोडायला त्याने अरब टोळ्यांच्या हाती शस्त्रं दिली, त्याच जंजावीद. त्यांनी गावंच्या गावं जाळली. 2013 मध्ये याच टोळ्यांतून 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल उभं राहिलं, प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेती. लष्करावर वचक ठेवायला बशीरला हे दल हवंच होतं.

त्यात पैशाचा भाग आला. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि तेलाचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन तिकडे गेलं. मग सोन्याला महत्त्व आलं, आणि 2017 मध्ये दारफूरमधल्या जेबेल आमेरच्या सोन्याच्या खाणी हेमेतीने बळकावल्या. ज्या दलाची स्वतःची सोन्याची खाण आहे, ते सरकारचं ऐकेल कशाला?

डिसेंबर 2018 मध्ये अतबारा या रेल्वे कामगारांच्या शहरात पावाच्या महागाईवरून निदर्शनं भडकली. एप्रिल 2019 मध्ये वारं फिरलेलं पाहून दोन्ही सैन्यांनी बशीरला बाजूला केलं. म्हणजे लोकांनी राजा घालवला, पण बंदुका होत्या त्यांच्याच हातात राहिल्या. 3 जूनला राजधानी खार्तूममध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या देऊन बसलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसं मेली. पुढे अब्दल्ला हमदोक यांचं नागरी सरकार आलं, ते ऑक्टोबर 2021 मध्ये लष्करप्रमुख बुऱ्हान आणि हेमेती यांनी मिळून उलथवलं.

ठिणगी पडली ती निमलष्करी दल लष्करात विलीन करण्यावरून. लष्कर म्हणे दोन वर्षांत, हेमेती म्हणे दहा. 15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये लढाई जुंपली. (भारताने 'ऑपरेशन कावेरी'त आपली माणसं पोर्ट सुदानवरून जेद्दामार्गे आणली, ती तेव्हाच.) पुढे एक कोटीहून अधिक लोक बेघर झाले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला.

बाहेरच्यांचे हातही यात आहेत. इजिप्त लष्कराच्या बाजूने. संयुक्त अरब अमिराती हेमेतीला शस्त्रं पुरवते असा आरोप आहे, तो ती नाकारते. सुदानचं बरंचसं सोनं मात्र तिथेच जातं.

धर्माचं म्हणाल, तर दोन्हीकडचे सेनापती सुन्नी मुसलमान. पण दारफूरमध्ये वंश बघून माणसं मारली गेली, हे विसरू नका. 2023 मध्ये दारफूरमधल्या अल जेनिना शहरात मसालीत या अरबेतर जमातीच्या लोकांना हेमेतीच्या माणसांनी आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी वेचून मारलं. म्हणून 'दोन्ही बाजू सारख्याच' म्हणून विषय मिटवणं मला मान्य नाही. गुन्हे लष्करानेही केलेत, बाजारांवर बाँब टाकलेत; तरी अल जेनिनाचा हिशेब वेगळा मागायलाच हवा.